वाळवंटातल्या गायींच्या नाकात काय सापडते?

प्रश्न : माझा पुतण्या सौदी अरेबियात, रियाधजवळच्या अल-खर्ज भागात एका मोठ्या दूधप्रकल्पावर वासरांच्या विभागात कामाला आहे. मध्यंतरी तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आजारी आणि धडधाकट अशा दोन्ही वासरांच्या नाकातून नमुने घेतले. धडधाकट वासरांच्या नाकातही न्यूमोनियाचे जिवाणू निघाले, असे तो सांगतो. तिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, पाऊस जवळजवळ नाही, हवा अगदी कोरडी. अशा हवेत हे जंतू जगतात कसे? आणि जंतू असूनही ती वासरे आजारी का पडत नाहीत? आमच्याकडे होल्स्टीन संकराच्या गायी आहेत. पावसाळ्यात आणि थंडीत आमची वासरे ढासतात. त्यांचा आणि तिथल्या वासरांचा आजार एकच आहे का?
— एक दूध उत्पादक, ता. फलटण, जि. सातारा

उत्तर : पुतण्याने सांगितले ते खरे आहे आणि त्यात काही अघटित नाही. गुरांच्या न्यूमोनियात ज्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते असे जिवाणू मुख्यतः चार : मॅनहायमिया हिमोलिटिका, पाश्चरेला मल्टोसिडा, हिस्टोफिलस सोम्नी आणि मायकोप्लाझ्मा बोविस. यांतले पहिले तीन निरोगी जनावराच्याही नाकाच्या मागच्या भागात आणि घशाच्या वरच्या अंगाला राहू शकतात. जनावर चारा खाते, रवंथ करते, दूध देते आणि हे तिथेच असतात. चौथा मायकोप्लाझ्मा थोडा वेगळा. तो प्रत्येक कळपात असतोच असे नाही, पण एकदा शिरला की कोणतेही लक्षण न दाखवणाऱ्या जनावरातही महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून ‘नाकात जिवाणू सापडला’ आणि ‘न्यूमोनिया झाला’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात न आल्यामुळे आपल्याकडे आणि आखातातही बरीच औषधे विनाकारण टोचली जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वाळवंटाचे. उघड्या मातीवर, तळपत्या उन्हात हे जिवाणू फार काळ तग धरत नाहीत, हा तुमचा अंदाज बरोबर आहे. पण त्यांना वाळवंटात राहायचेच नसते. गायीच्या नाकाच्या आतल्या भागात बाहेरचा पारा कितीही असला तरी ऊब आणि ओल कायम असते. त्यांचे घर तेच. एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला त्यांना हवा लागते ती हातभर अंतराची. वासरे एकमेकांचे तोंड हुंगतात, एकाच बादलीतून पितात, एकाच गव्हाणीत तोंड घालतात, आणि तेवढ्याने काम होते. बाहेर रुब अल-खालीचे वाळवंट आहे की फलटणचा कालवा, याने त्यांना काही फरक पडत नाही.

शिवाय अल-खर्जच्या गोठ्यातली हवा वाळवंटासारखी राहिलेलीही नाही. हा भाग रियाधच्या आग्नेयेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. इथे पूर्वी मोठे नैसर्गिक झरे होते, म्हणून राजे अब्दुलअझीझ यांच्या काळात, १९४०च्या दशकात, अमेरिकी तज्ज्ञांच्या मदतीने इथे सरकारी शेती उभी राहिली. पुढे १९७७ साली मॅकगकियन या आयरिश बंधूंनी प्रिन्स सुलतान बिन मोहम्मद बिन सौद अल कबीर यांच्या भागीदारीत अलमराई कंपनी सुरू केली. आज त्या एका कंपनीकडे लाखाहून अधिक गुरे आहेत. अल-साफीचा प्रकल्प याच परिसरातला. हरद इथला नादेक कंपनीचा प्रकल्प १९८१ सालच्या सरकारी पुढाकारातून निघाला. या सगळ्या ठिकाणी गाय एकच, होल्स्टीन. थंड प्रदेशातून आलेली ही गाय पंचवीस अंशांच्या पुढे अस्वस्थ होऊ लागते. तिला पंचेचाळीस अंशांत जगवायचे म्हणून उंच छपरे, मोठाले पंखे आणि पाण्याचे बारीक तुषार यांची व्यवस्था केलेली असते. हवा कोरडी असल्यामुळे तुषारांचे पाणी झटकन उडते आणि छपराखालचा पारा चांगला उतरतो. पण तुषार जादा झाले, खालची वाळू ओली राहिली, शेण वेळेवर उचलले गेले नाही, तर त्या छपराखाली सातारा जिल्ह्यातल्या श्रावणासारखी दमट हवा तयार होते. म्हणजे माणसाने गायीसाठी जी सोय केली, तीच नीट सांभाळली नाही तर जिवाणूचीही सोय होते.

मग वासरू आजारी केव्हा पडते? याचे उत्तर फुप्फुसाच्या रचनेत आहे. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचे अस्तर असते, त्यावर चिकट पाण्याचा थर. रहाटगाडग्यासारखे ते अस्तर रात्रंदिवस चालू असते आणि खाली उतरलेली धूळ, जंतू वर घशाकडे आणून टाकत राहते. जोवर हे चालू आहे तोवर नाकातला जिवाणू नाकातच राहतो. ते थांबले की तो खाली उतरतो. थांबवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे विषाणू. गुरांमधला श्वसनाचा सिन्सिशियल विषाणू, पॅराइन्फ्लुएंझा-३, आयबीआर, बीव्हीडी यांपैकी काही विषाणू या अस्तराची हानी करतात, काही अंगातली प्रतिकारशक्तीच दुबळी करतात. विषाणूने वाट मोकळी करायची आणि जिवाणूने आत शिरायचे, हा नेहमीचा क्रम. दुसरी गोष्ट अमोनिया. मुताचा वास कोंडला की हे अस्तर लुळे पडते. तिसरी धूळ, आणि ती सौदीत भरपूर. उन्हाळ्यात वायव्येकडून येणारा शमाल वारा दिवसेंदिवस बारीक धूळ उडवत राहतो. त्यात चाराही कोरडा. भूजल वाचवण्यासाठी त्या देशाने गेल्या दशकात हिरव्या चाऱ्याची मोठी लागवड थांबवली आणि लसूणघासाच्या वाळलेल्या गाठी परदेशातून आणायला सुरुवात केली. अलमराईने त्यासाठी अर्जेंटिनात आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात जमिनी घेतल्या. ॲरिझोनात पाण्यावरून गदारोळ झाला आणि तिथल्या राज्य सरकारने २०२३ साली एक भाडेपट्टा रद्द केला आणि आणखी काहींचे नूतनीकरण नाकारले. समुद्र ओलांडून आलेला हा वाळका चारा गव्हाणीत टाकताना ओला करून, मिसळून द्यावा लागतो, नाहीतर गाय घासागणिक धूळ ओढते.

चौथी गोष्ट दिवस-रात्रीचा फरक. रियाधभोवतीच्या नज्दच्या पठारावर हिवाळ्यात दुपारी सुखद ऊन आणि पहाटे हाडे गोठवणारी थंडी असते. वासराला या झोक्याशी जुळवून घेणे जड जाते. तुमची वासरे थंडीत ढासतात, त्यामागेही हे एक कारण आहे. पाचवी गोष्ट प्रवास आणि सरमिसळ. जनावर ट्रकमध्ये चढले, उपाशी-तहानलेले राहिले, नव्या कळपात गेले की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूमोनिया उसळतो. अमेरिकेत तर या आजाराचे जुने प्रचलित नावच ‘वाहतुकीचा ताप’ अशा अर्थाचे आहे.

एवढे झाल्यावर मॅनहायमिया फुप्फुसात उतरतो आणि एक विष सोडतो. हे विष फक्त रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशींना मारते. जंतूंवर चालून आलेल्या पेशी फुटतात, त्यांच्यातली पाचक द्रव्ये सांडतात आणि त्यांनीच फुप्फुस जळते. निम्मी नासधूस जिवाणू करतो, निम्मी वासराचे स्वतःचे फुटलेले सैन्य. त्यात गायीचे फुप्फुस मुळातच शरीराच्या मानाने लहान आणि छोट्या छोट्या कप्प्यांत बंद. एक कप्पा निकामी झाला तर शेजारच्या कप्प्यातून हवा वळवता येत नाही. घोडा जे सोसून जाईल ते गाय सोसू शकत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती तुमच्या गोठ्यालाही लागू आहे. उन्हाळ्यात आपण दुभत्या गायीवर पाणी मारतो, पंखा लावतो. आटवलेली, शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण गाय मात्र मागच्या बाजूला, उन्हात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे बारकाईने तपासले. गाभणपणाच्या शेवटच्या काळात ज्या गायींना उकाडा सोसावा लागला, त्यांची वासरे वजनाने कमी भरली आणि चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये त्यांच्या आतड्यातून कमी शोषली गेली. वासराचा न्यूमोनिया ते जन्मण्याआधीच सुरू होऊ शकतो, असा याचा अर्थ. सौदीतल्या बऱ्या प्रकल्पांवर भाकड गायींनाही थंड सावली देण्यामागे हेच गणित आहे. फलटणच्या एप्रिल-मे महिन्यांत ते आपणही करायला हवे.

याच पत्रात आणखी काही प्रश्न होते. तेही घेतो.

प्रश्न : तिथल्या कळपांत हे जिवाणू नेमके किती टक्के जनावरांत असतात?

उत्तर : एका आकड्यात याचे उत्तर मागणे रास्त वाटते, पण असा आकडा देणाऱ्याने तुमची दिशाभूल केली असे समजा. आकडा ऐकला की लगेच विचारा : नमुना कोणाचा, कुठून घेतला आणि तपासला कसा?

कोणाचा हे पहिले. आजारी वासरांचे नमुने घेतले तर टक्केवारी चढणार, धडधाकटांचे घेतले तर उतरणार. कत्तलखान्यातली फुप्फुसे तपासली तर आणखी तिसरेच चित्र दिसणार, कारण तिथे येते ते जनावर कळपाचा प्रातिनिधिक नमुना नसते. वयानेही फरक पडतो. दोन महिन्यांची वासरे आणि तिसऱ्या वेतातल्या गायी एका टोपलीत घालून सरासरी काढली, तर ती कोणालाच लागू होत नाही.

दुसरे, कुठून. नाकपुडीच्या तोंडाशी बोळा फिरवला तर धूळ आणि तिथले किरकोळ जंतू मिळतात. लांब, झाकलेल्या बोळ्याने नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेले तर खरे रहिवासी सापडतात. आणि फुप्फुसातच सलाइन सोडून ते परत ओढून घेतले तर खाली कोण उतरले आहे ते कळते. एकाच वासराची ही तीन उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात. वासरू आजारी आहे की नाही, याबद्दल तिसरे उत्तर पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक सांगते. तुमच्या पुतण्याने पाहिलेले नमुने नाकातले होते, हे विसरू नका.

तिसरे, कसे. जिवाणू काचेच्या थाळीत वाढवून पाहिला तर जिवंत असलेलाच दिसतो. मायकोप्लाझ्मा तर वाढवायला अवघड; त्याला खास खाद्य आणि आठवडाभराहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेत तो निसटतो. पीसीआर चाचणी त्याचा अंश पकडते, पण मेलेल्या जिवाणूचाही अंश पकडते. रक्तातली प्रतिपिंडे तपासली तर जनावराची त्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच समजते. लहान वासरात तर ती प्रतिपिंडे आईच्या चिकातून आलेली असू शकतात, लस दिलेल्या गायीत लसीची. तीन पद्धतींनी तपासलेले तीन कळप शेजारी ठेवून ‘इथे जास्त, तिथे कमी’ म्हणणे चूक आहे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. ‘कळपांपैकी इतके टक्के बाधित’ आणि ‘जनावरांपैकी इतके टक्के बाधित’ हे दोन आकडे एकमेकांत मिसळले जातात. दहा गोठे तपासले, दहाही गोठ्यांत एक-दोन जनावरे निघाली, तर कळपांचे प्रमाण शंभर टक्के आणि जनावरांचे कदाचित पाच टक्के. बातमीत शंभर छापून येते आणि लोक घाबरतात.

नमुने किती घ्यायचे, याचे उत्तर मात्र गणित स्वच्छ देते. समजा कळपात शंभरात दहा जनावरे जिवाणू बाळगून आहेत. मग कोणतीही २९ जनावरे चिठ्ठ्या टाकून निवडून तपासली, तर त्यांत किमान एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्के. शंभरात पाचच असतील तर ५९ जनावरे लागतील. मला यातली सगळ्यात चकित करणारी गोष्ट ही वाटते की, कळप हजाराचा असो वा लाखाचा, हा आकडा जवळपास तोच राहतो. म्हणून अल-खर्जच्या अवाढव्य प्रकल्पावरही ‘जिवाणू आहे की नाही’ हे थोडक्या नमुन्यांत कळते. ‘नेमके किती टक्के’ हे मात्र तेवढ्यात कळत नाही. २९ पैकी तिघांत जिवाणू निघाला तर कागदावर दहा टक्के दिसतात. खरे प्रमाण दोन टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांच्या पुढेही कुठेही असू शकते. टक्केवारी हवी असेल तर शेकड्यांनी नमुने घ्यावे लागतात.

माझ्या मते गोठेमालकाने नाकातल्या टक्केवारीच्या मागे लागूच नये. त्याने मोजायची गोष्ट वेगळी : जन्मलेल्या शंभर वासरांपैकी किती ढासली, किती वाचली. अमेरिकेत २००७ साली झालेल्या राष्ट्रीय दुग्धपाहणीत दूध तोडलेल्या कालवडींच्या मृत्यूंपैकी जवळपास निम्मे श्वसनाच्या आजाराने झाले होते. नाकात जिवाणू जगभर आहेत. मृत्यूंमध्ये फरक पडतो तो सांभाळण्यामुळे.

प्रश्न : आमच्याकडचा घटसर्प हाच का? त्याचाही जंतू पाश्चरेलाच, असे आमचे डॉक्टर म्हणतात.

उत्तर : डॉक्टरांचे बरोबर आहे, पण भाऊबंद आणि तोच माणूस यात जेवढा फरक तेवढा इथेही आहे. पाश्चरेला मल्टोसिडाचे अनेक प्रकार आहेत. वासरांच्या न्यूमोनियात बहुधा ‘ए’ प्रकार सापडतो. आशियातल्या घटसर्पाला कारण होतो तो ‘बी-२’. आफ्रिकेत ‘ई-२’ हाही आढळतो. न्यूमोनियात वासरू काही दिवस कुढते. घटसर्पात म्हैस सकाळी चारा सोडते, गळा सुजतो, घोरल्यासारखा आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी ती राहत नाही. म्हशींना तो गायींपेक्षा अधिक घातक. मात्र एक साम्य आहे. घटसर्पाचा जंतूही काही निरोगी म्हशींच्या टॉन्सिलमध्ये दडून राहतो आणि पहिल्या पावसात, चाऱ्याची टंचाई आणि नांगरणीचा शीण एकत्र आला की उसळतो. ओल, भूक आणि थकवा हीच त्याची संधी.

म्हणून लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये घ्यायची. पुण्यात औंधला पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. घटसर्पाची लस तिथे तयार होते आणि पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांमार्फत आपल्यापर्यंत येते. पुण्याचे हे नाते जुने आहे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ साली पुण्यातच ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ म्हणून सुरू झाली आणि १८९३ साली हिमालयात मुक्तेश्वरला हलवली गेली. गुरांच्या फुप्फुसांचा आणखी एक भयंकर साथीचा आजार, मायकोप्लाझ्मा मायकॉइडिसने होणारा, आपल्या देशातून हद्दपार झाला आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २००७ साली भारताला त्यापासून मुक्त म्हणून मान्यता दिली. आफ्रिकेच्या काही भागांत तो अजून आहे. सौदीत कुर्बानीसाठी आणि मांसासाठी लाल समुद्रापलीकडून जिवंत जनावरे मोठ्या संख्येने जेद्दाच्या बंदरात उतरतात, म्हणून तिथल्या सरकारला बंदरावरची तपासणी डोळ्यात तेल घालून करावी लागते. सन २०००मध्ये जिझान भागात रिफ्ट व्हॅली तापाची साथ आली होती. हा आजार आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा आला तो तेव्हा, आणि त्यानंतर सौदीने आफ्रिकेच्या शिंगातून येणारी जनावरे कित्येक वर्षे बंद ठेवली.

प्रश्न : पुतण्याला यातून काही धोका? आणि त्या दुधातून?

उत्तर : वासरांच्या न्यूमोनियाचे हे चार जिवाणू माणसाला सहसा लागत नाहीत. पाश्चरेला मल्टोसिडाने माणसाला होणारा त्रास बहुधा कुत्र्या-मांजराच्या चाव्यातून येतो. दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापवून पाश्चरीकृत होते, त्यात यातला एकही जिवाणू उरत नाही. पुतण्याने जपायचे ते दुसऱ्या आजारांपासून : गायीचा क्षय, क्यू ताप आणि ब्रुसेल्लोसिस. विण्याच्या वेळी हातमोजे घालणे, जार उघड्या हाताने न उचलणे आणि कच्चे दूध न पिणे, मग ते गायीचे असो वा उंटिणीचे, एवढे त्याने कटाक्षाने पाळावे. सौदीत २०१२ साली सापडलेला मर्सचा विषाणू उंटांशी निगडित आहे, गायींशी नाही. खोकला दोन आठवड्यांहून लांबला तर डॉक्टरला दाखवताना आपण गुरांमध्ये काम करतो हे आधी सांगावे.

प्रश्न : आमच्या वासरांना न्यूमोनिया झाला की कोणते इंजेक्शन चांगले?

उत्तर : औषधाचे नाव मी या सदरात देणार नाही. ते वासरू पाहिलेल्या पशुवैद्यकानेच ठरवायचे, आणि त्याला तसे सबळ कारण आहे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. पेनिसिलिन नेमके पेशीभित्तिकेवर काम करते. म्हणजे वासराला मायकोप्लाझ्मा असेल तर पेनिसिलिनचे कितीही डोस दिले तरी पाण्यात. वासराचा एक कान पडला आहे, मान तिरकी झाली आहे, सांधे सुजले आहेत आणि सोबत खोकला आहे, असे दिसले तर डॉक्टरांना हे सगळे आवर्जून सांगा, कारण हा जिवाणू फुप्फुसाबरोबर कान आणि सांधेही धरतो. गायीत तो न बरा होणारा कासदाह आणतो आणि त्या दुधातून वासरात उतरतो. मोठ्या प्रकल्पांवर आजारी गायींचे टाकाऊ दूध वासरांना पाजण्याआधी पाश्चरीकृत करतात ते याचसाठी. आपल्याकडे ‘विकता येत नाही ना, मग वासराला घाला’ असे सर्रास होते. ते आजच थांबवा. न्यूझीलंडमध्ये हा जिवाणू जुलै २०१७मध्ये पहिल्यांदा सापडला. तो देशातून घालवायचे ठरवून त्यांनी पावणेदोन लाखांहून अधिक गुरे मारली. एवढी किंमत मोजायची तयारी एका देशाने का दाखवली असेल, याचा विचार करा.

औषधापेक्षा आधीची कामे मोलाची. वासरू पोटात असताना आईकडून त्याला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. गायीची वार ती आत जाऊ देत नाही. सगळा भरवसा चिकावर. चाळीस किलोच्या वासराला जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत सुमारे चार लिटर चीक गेलाच पाहिजे, बारा तासांच्या आत पुन्हा दोन लिटर. चोवीस तासांनंतर आतड्याची दारे बंद होतात, मग कितीही पाजा. जार पडेपर्यंत धार काढायची नाही, ही आपल्याकडची समजूत अनेक वासरांच्या मुळावर आली आहे.

बाटलीने किंवा बांबूच्या नळीने, मान वर ओढून तेल, काढा, गूळपाणी ढोसू नका. ते फुप्फुसात जाते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया कोणत्याही जिवाणूपेक्षा वाईट. थंडीत गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री आणि पोती बांधून हवा कोंडू नका. वासराच्या उंचीवर खाली बसून बघा. तुमच्या डोळ्यांत मुताच्या वासाने पाणी आले तर वासरू चोवीस तास त्यातच श्वास घेत आहे. वारा थेट अंगावर येऊ नये, पण वरून हवा खेळती हवी, आणि खाली कोरडा भुसा किंवा पाचट. लहान वासरे मोठ्यांपासून वेगळी बांधा. बाजारातून आणलेले वासरू दोन-तीन आठवडे गोठ्यात मिसळू नका.

रोज सकाळी वासरांवर नजर फिरवताना अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाची एक सोपी गुणपद्धत वापरता येईल. नाकाचा स्राव, डोळे किंवा कान, खोकला आणि ताप, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज पाच किंवा जास्त झाली तर वासरू श्वसनाच्या आजाराने पछाडले आहे असे धरून त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. यासाठी लागतो तो फक्त एक तापमापक. १०३ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप दुर्लक्षू नका. सौदीतल्या हजारोंच्या कळपाला जे रोज करणे जड जाते, ते तुमच्या दहा-बारा वासरांना दहा मिनिटांत होते. लहान गोठ्याचा हा मोठा फायदा आहे आणि आपण तो घेत नाही.

शेवटची विनंती. वासरू दगावले तर लगेच पुरू नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करून शवविच्छेदन करून मागा, आणि शक्य असेल तर प्रतिजैविक देण्याआधी एका आजारी वासराचा नमुना औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायला सांगा. एका फुप्फुसाच्या तपासणीवरून गोठ्यातल्या उरलेल्या वासरांना कोणते औषध लागू पडेल हे कळते.